वस्तीच्या गाडीत झोप लागली आणि गावभर झाली

पत्र :

ताई, मी पुण्याची, वय सव्वीस. बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक दापोलीला मिळाली. जालगावात भाड्याने राहते. काम आवडतं, माणसंही चांगली आहेत, पण इथल्या प्रवासाने मला पार रडवलंय. आईने पाठवलेलं पार्सल खानदेशातल्या जळगावला जाऊन आलं. मावशी आणि काका मला भेटायला मुरुडला म्हणून निघाले आणि रायगडातल्या मुरुडला पोचले. हर्णैहून वडापने येताना टपावरच्या टोपलीतलं मासळीचं पाणी माझ्या साडीवर गळलं आणि तशीच मी शाखेत गेले. जुलैमध्ये खेड स्टेशनवर वेळेवर पोचले, तर गाडी कधीच निघून गेलेली. कर्द्याला पुळणीवर स्कूटर लावून फिरायला गेले, परत येते तो चाकं पाण्यात.

सगळ्यात वाईट म्हणजे, एकदा खेडहून दापोलीला येणाऱ्या एसटीत मागच्या सीटवर झोप लागली. दापोली स्टँड आलं, गेलं, मला पत्ता नाही. ती गाडी पुढे वस्तीला जाणारी होती. जाग आली ती टोकाच्या गावात, कंडक्टर हाक मारत होते तेव्हा. सकाळशिवाय परतीची गाडी नाही. कंडक्टरकाकांनी मला एका घरी नेऊन सोडलं. तिथल्या काकूंनी जेवू घातलं, अंथरूण दिलं, पहाटे गाडीत बसवून दिलं. आता काउंटरवर येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय मॅडम, आज झोप झाली का?" शाखेतला एक सहकारी तर सगळ्यांसमोर माझी नक्कल करतो. घरी आले की रडू येतं.

बदली मागू का? की कर्ज काढून गाडी घेऊ? आणि त्या काकूंना पैसे पाठवावेत का? ताई, मला तू म्हणा, तुमच्या धाकट्या बहिणीसारखी आहे.

– जालगावची नवी भाडेकरू

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. काकूंना पैसे पाठवू नकोस.

तू ज्या गाडीत झोपलीस ती गाडी नेमकी काय आहे, हे आधी समजून घे. संध्याकाळी निघायचं, टोकाच्या गावात मुक्काम करायचा आणि पहाटे तिथली माणसं घेऊन तालुक्याला यायचं, हे वस्तीच्या गाडीचं काम. ज्याला दवाखान्यात नंबर लावायचाय, ज्याची कोर्टात तारीख आहे, ज्या पोराचं कॉलेज सकाळचं आहे, त्या सगळ्यांचा दिवस त्या एका गाडीवर अवलंबून असतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. कोकणातल्या आडगावांपर्यंत रस्ते पोचायला त्यानंतर बराच काळ गेला, आणि गावात गाडी वस्तीला राहू लागली म्हणजे आपलं गाव जगाला जोडलं गेलं, असं लोक मानत. अजूनही ज्या गावची वस्तीची गाडी बंद होते त्या गावची माणसं थेट आगारात जाऊन भांडतात.

मुक्कामाला राहिलेले ड्रायव्हर आणि कंडक्टर कुठे झोपतात? कधी देवळात, कधी शाळेच्या पडवीत, कधी कोणाच्या ओटीवर. पावसाळ्यात त्यांना गरम पाणी कुठे मिळतं, अंगात ताप असला तर पेज कोण करून देतं, हे त्यांना घराघराने ठाऊक असतं. तेव्हा त्या रात्री कंडक्टरकाकांनी तुला अंदाजाने कुठेतरी नेऊन सोडलेलं नाही. एकटी मुलगी आहे, रात्र आहे, तर जिथे बाईमाणूस आहे आणि ज्या घराबद्दल आपल्याला खात्री आहे, अशाच घरी त्यांनी तुला नेलं. आणि काकूंच्या दृष्टीने तू रस्ता चुकलेलं लेकरू होतीस. त्याचे पैसे हातात ठेवलेस तर त्यांना वाईट वाटेल, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटणं बरोबरच आहे.

पण काही करायचंच नाही असंही नाही. एखाद्या शनिवारी त्याच गाडीने, या वेळी जागी राहून, त्यांच्याकडे जा. आदल्या दिवशी फोन कर आणि विचार, दापोलीहून काय आणू? "काही नको" असं म्हणतील. मग औषधाच्या गोळ्या संपल्यात का, विजेरीचे सेल हवेत का, नातवंडांच्या वह्या आणायच्यात का, असं नाव घेऊन विचार. टोकाच्या गावात राहणाऱ्या माणसाला तालुक्याहून येणारी अशी वस्तू बाकरवडीच्या पुड्यापेक्षा मोलाची असते. बाकरवडीही ने, पुण्याची आहेस.

शिवाय तुझ्याकडे अशी एक गोष्ट आहे जी त्या गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. तू बँकेत आहेस. नोव्हेंबरात पेन्शनवाली म्हातारी माणसं हयातीच्या दाखल्यासाठी याच पहाटेच्या गाडीने येतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पण गुडघे त्यांचेच असतात. तीन तास रांगेत उभं राहायचं आणि मग कळायचं की एक कागद घरी राहिलाय, म्हणजे आख्खा दिवस वाया. कोणत्या कामाला कोणता कागद लागतो हे त्या गावात बसून नीट समजावून सांग, फळ्यावर लिहून ये. मात्र कोणाचं पासबुक, रोकड किंवा मोबाइलवर आलेला आकडा स्वतःकडे घेऊ नकोस. कितीही प्रेमाने देऊ केलं तरी नाही. तुझ्या नोकरीसाठी आणि त्यांच्या पैशासाठी ही रेघ पाळायलाच हवी.

कंडक्टरकाकांचे आभार तोंडी मानले असशीलच. तेवढ्यावर थांबू नकोस. आगार व्यवस्थापकांच्या नावे एक साधं पत्र लिही : तारीख, गाडी कुठून कुठे, कंडक्टरांचं नाव, त्यांनी काय केलं. आगारात तक्रारींचे कागद रोज येतात, कौतुकाचे क्वचित. असं पत्र त्या माणसाला वर्षानुवर्षं लक्षात राहील, आणि पुढच्या वेळी कोणी मुलगी अशी अडकली तर काय करायचं हे नव्या कंडक्टरांनाही कळेल.

आता हसण्याबद्दल. दापोलीत भाजीवाली, रिक्षावाले, कंडक्टर आणि तुझे खातेदार ही वेगवेगळी माणसं नाहीत, सगळे एकमेकांचे शेजारी किंवा सोयरे. रात्री टोकाच्या गावात घडलेली गोष्ट सकाळच्या पहिल्या गाडीने तुझ्याबरोबरच स्टँडवर उतरली होती. "झोप झाली का मॅडम" असं विचारणारा आजोबा तुला ओळखतो, तू त्या रात्री सुखरूप राहिलीस याचा त्याला आनंद आहे, म्हणून तो विचारतो. त्याला "झाली हो, काकूंनी गोधडी छान दिली होती" असं सांग. बघ, तो लगेच सांगेल की काकू त्याच्या मावसबहिणीच्या जाऊबाई लागतात.

सहकाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. रोज, सगळ्यांसमोर, तुला नको असताना केलेली नक्कल ही गंमत राहत नाही. त्याला एकटं गाठ आणि शांतपणे सांग, "मला हे आवडत नाही, बंद करा." आवाज चढवायची गरज नाही, कारणं द्यायची तर अजिबात नाही. त्यानंतरही चालूच राहिलं तर शाखाधिकाऱ्यांना सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. खातेदाराचं हसणं आणि याचं हसणं एकाच गाठोड्यात बांधलंस म्हणून तुला आख्खं गावच हसतंय असं वाटायला लागलंय.

प्रवासातल्या फजितीचंच म्हणशील तर तुझ्या शेजारच्या मुरुडच्या एका मुलाची गोष्ट ऐक. परीक्षेला बसायचं म्हणून तो ऐन पावसाळ्यात मुरुडहून साताऱ्याला चालत गेला. शंभरावर मैलांची वाट, मध्ये सह्याद्री. तिथे पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी सांगितलं, वय फारच लहान दिसतंय, बसता येणार नाही. आल्या वाटेने परत. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ उभं केलं आणि १९५८ मध्ये, वयाची शंभरी भरली त्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. मुरुडला गेलीस की पाखाडीवरून, म्हणजे तिथल्या दगडी पायवाटेवरून, चालताना त्या वाटेचा जरूर विचार कर. मला तिथे गेल्यावर दर वेळी त्या पोरसवदा मुलाचे भिजलेले पाय आठवतात.

मावशी-काकांची चूकही याच मुरुडची. महाराष्ट्रात मुरुड नावाची गावं बरीच, लातूरकडेही एक आहे. समुद्रकाठची दोन : रायगडातलं जंजिऱ्याचं आणि आपलं हर्णैजवळचं. पाहुण्यांना गावाचं नाव कधी एकटं सांगू नकोस, "मुरुड, तालुका दापोली" असंच सांग. आणि पुन्हा कोणी जंजिऱ्याला जाऊन पोचलंच, तर त्यांना मागे फिरवू नकोस. आगरदांड्याला जेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, गाडी चढवून दिघी, तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला दुसरी जेटी, वेश्वीला उतरून केळशी, आंजर्ल्यावरून दापोली. दोन खाड्या बोटीतून आणि बाकी रस्ता बराचसा समुद्राच्या सोबतीने. दिवस जाईल, पण चुकून आलेले पाहुणे खूश होऊन येतील.

जालगाव आणि जळगाव यांचं इंग्रजी स्पेलिंग सारखंच पडतं, त्यामुळे पार्सलवर गाव छोटं आणि पिन कोड मोठा लिहायचा : ४१५७१२. जिल्हा रत्नागिरी हे शब्द मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही. आईला हे एकदा कागदावर लिहून पाठव, म्हणजे पुढचं पार्सल थेट तुझ्या दारात येईल.

आता कर्द्याची गोष्ट. इथे मी हसणार नाही, आणि तूही हसण्यावारी नेऊ नकोस. तू पाठवलेल्या सगळ्या फजित्यांत जिवावर बेतू शकली असती अशी हीच एक. पुळणीवरची ओली वाळू घट्ट असते, गाडी छान उभी राहते, म्हणून बाहेरून आलेली माणसं तिथेच गाडी लावतात. पण ओली आहे याचा अर्थच तो की थोड्या वेळापूर्वी तिथे पाणी होतं आणि पुन्हा येणार आहे.

आमच्याकडचे कोळी भरतीचा हिशेब तिथीवरून करतात, तो तू आजच शिकून घे. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट कर, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेलं. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि पुन्हा तितक्याच वेळाने भरती. रोज ही वेळ पाऊण तासाने, किंचित जास्तच, पुढे सरकते. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर, पार सुरूच्या बनाकडे येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती बेताची. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष वेळ अर्धा-पाऊण तासही इकडेतिकडे होऊ शकते, पण बँकेच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघून निघालीस तर पुन्हा असं होणार नाही. तरीही स्कूटर पुळणीवर नेऊच नकोस. रस्त्याकडेला लाव आणि चालत उतर. पावसाळ्यात तर पाण्यात पायही घालू नकोस. स्थानिक मुलं "आज नको" म्हणाली तर त्यांच्याशी वाद घालू नकोस.

चाकं भिजलेल्या त्या स्कूटरचं काय केलंस, हे तू लिहिलं नाहीस, म्हणून सांगते. पाणी इंजिनपर्यंत गेल्याची शंका असेल तर किल्ली फिरवून बघायचा मोह आवर. ढकलत वर आण, गोड्या पाण्याने भरपूर धू, खालून आणि ब्रेकच्या बाजूने विशेष, आणि मेकॅनिककडे टाक. खारं पाणी त्या दिवशी काही करत नाही, महिन्याभराने गंज दाखवतं.

खेडच्या स्टेशनवरचा घोळ तर इथल्या जुन्या रहिवाशांचाही होतो. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, पण डोंगर कापून काढलेल्या त्या वाटेवर पावसात दरड यायची भीती असते. म्हणून जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रक वेगळं असतं. वेग कमी म्हणजे गाडी उशिरा येणार असं आपण धरून चालतो. पण मुंबईकडे येणाऱ्या कितीतरी गाड्या पावसाळ्यात मुळात सुटतातच आधी, त्यामुळे मधल्या स्टेशनवर त्यांची वेळ मागे येते. तुझी गाडी तशीच गेली. मे महिन्यात काढलेल्या तिकिटावरची वेळ जुलैत पुन्हा बघायची, आणि दापोलीहून खेडला घाटातून यायला पावसात नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, तोही धरायचा.

एसटीचंही असंच आहे. फलकावर लिहिलेल्या काही फेऱ्या शाळेसाठी असतात. रविवारी, दिवाळीत, मे महिन्यात त्या धावत नाहीत. हे पाटीवर वाचून कळत नाही, थांब्यासमोरच्या टपरीवाल्याला विचारून कळतं. गणपती आणि शिमग्याला मुंबईहून माणसं लोटतात, तेव्हा गाडीत उभं राहायलाही जागा नसते. त्या आठवड्यात कामाशिवाय फिरू नकोस. आणि गाडीत चढल्यावर कंडक्टरला तिकीट मागतानाच मोठ्याने सांग, "मला दापोलीला उतरवा हं." बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हल्ली गाडीत बायका भरपूर असतात. शेजारणीलाही सांगून ठेव. मग खुशाल झोप. एसटीत झोपणं हा काही गुन्हा नाही, दिवसभर काउंटरवर बसलेल्या मुलीला झोप येणारच.

मासळीच्या पाण्याबद्दल थोडक्यात. हर्णैचा लिलाव झाला की तिथून निघणाऱ्या प्रत्येक वाहनावर टोपल्या चढतात. त्या बायकांचं पोट त्या टोपलीवर आहे, तेव्हा चिडायचं नाही, ड्रायव्हरशेजारची जागा मागून घ्यायची. कामाचा दिवस असेल तर लिलावाची वेळ टाळून परत फिरायचं. साडी गार पाण्यातच भिजव. गरम पाण्याने तो वास आणि डाग कापडात बसतो. गार पाण्यानंतर लिंबू चोळून साबण आणि मग कडक ऊन. पावसाळा असेल तर दोनदा धू.

राहिली गाडी आणि बदली. बदली मागू नकोस. एवढ्या दिवसांत तुला जे उमगलंय, ते पुढच्या गावी पहिल्यापासून शिकावं लागेल, आणि पत्रात तू स्वतःच लिहिलंस की काम आवडतं, माणसं चांगली आहेत. सव्वीसाव्या वर्षी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणं सोपं नाही.

मोटारीसाठी कर्ज आता काढू नकोस. स्कूटर आहे, एसटीला अर्धं तिकीट आहे. गुहागरला जावंसं वाटलं तर दाभोळहून धोपाव्याला जाणारी जेटी २००३ पासून चालू आहे, स्कूटरसकट काही मिनिटांत वाशिष्ठीच्या पलीकडे उतरशील. नाहीतर खेड, चिपळूण असा लांबचा वळसा पडतो. फक्त परतीची शेवटची फेरी किती वाजता, हे जाताना तिकीट काढतानाच विचारून घे. एक आख्खा पावसाळा आणि एक मे महिना इथे काढ, मग ठरव. तोवर तुला कळलेलं असेल की तुझं कोणतं काम मोटारीशिवाय खरोखरच अडतं. घेतलीसच तर पहिल्या पावसात खेडच्या घाटात रात्रीची नेऊ नकोस, आणि गाडी दाखवायला आधी काकूंकडे जा. तिथपर्यंत रस्ता कसा आहे, हे कंडक्टरकाकांना विचार.

तुझी,
ताई